हिचा आवाज, जवळून

४ नोव्हेंबर, मंगळवार

पत्र्यापलीकडून कविता यायची. मुलांचा वर्ग अलीकडे, मुलींचा पलीकडे, मधे नुसता पत्रा. तिकडे साऱ्याजणी एका सुरात म्हणायच्या तेव्हा पत्रा थरथरायचा. ओळ संपली की सगळ्या गप्प – एक सोडून. त्या एकीचा आवाज शेवटचं अक्षर सोडायचाच नाही. बाकीच्या श्वास घेत तेवढा वेळ तो एकटाच हवेत राहायचा. मी बाकाच्या कडेला सरकून कान पत्र्याला लावून बसायचो. गुरुजींनी तो कान पिळून पिळून लाल केला, पण खोड गेली नाही. पुढे त्याच आवाजाशी लग्न केलं!

हे आज सकाळी दवाखान्याच्या बाकावर आठवत होतं. आतून बोलावणं यायचं होतं. शेजारी ही बसलेली. गेले काही महिने घसा बसलाय, हवा बदलली, धूळ फार, असं म्हणत आम्ही काढे पीत होतो.

डॉक्टर तरुण आहेत. चष्मा कपाळावर ठेवतात आणि मग शोधतात. पण बोलले ते अगदी सरळ. गाठ स्वरयंत्रात आहे. औषधांनी, किरणांनी आता भागणार नाही. स्वरयंत्र काढावं लागेल. सगळं.

"जीव वाचेल, आजी. आवाज जाईल."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी! जन्मभर कानावर पोट भरलं. पाणीखात्यात गळती शोधायचं काम – रस्त्याला लोखंडी कांब टेकवायची, दुसरं टोक कानाला, आणि जमिनीखाली पाणी कुठे झिरपतंय ते सांगायचं. साहेब लोक म्हणत, याच्या कानातून सुटेल असा थेंब नाही. तोच मी डॉक्टरांना म्हणालो, परत सांगा. त्यांनी परत सांगितलं. तेच होतं.

ही मात्र भाजीवालीशी बोलावं तशी बोलत होती. श्वास कुठून घ्यायचा? गळ्याला भोक ठेवतात, तिथून. जेवायचं कशाने? तोंडानेच. मग कापा एकदाचं, म्हणाली. वर माझ्याकडे बोट दाखवून डॉक्टरांना सांगितलं की घरात बोलणं कमी पडायचं नाही, हे एकटेसुद्धा बोलतात. डॉक्टर हसले. मला हसता येईना.

अठरा तारीख मिळाली.

बाहेर पडताना एका बाईंनी थांबवलं. आवाज गेलेल्यांना पुन्हा बोलायला शिकवण्याचं त्यांचं काम. म्हणाल्या, ऑपरेशनच्या आधी घरी यांचा आवाज रेकॉर्ड करून ठेवा. भरपूर. पुढे फोनवर टाइप केलं की फोन यांच्याच आवाजात बोलेल, अशी सोय आहे आता. पण रेकॉर्डिंग स्वच्छ हवं. पंखा नको, रस्ता नको, दुसरं कोणी नको. फक्त त्या.

फक्त त्या – हे दोन शब्द घेऊन घरी आलो.

५ नोव्हेंबर

चहात साखर दोनदा घातली. हिने तो निमूट प्यायला. एरवी आठवडाभर ऐकवलं असतं.

६ नोव्हेंबर, गुरुवार

फोनवर रेकॉर्ड करून पाहिलं. ही बोलली, आपण ऐकलं. अरे देवा! वरच्या मजल्यावरचं ड्रिल आधी, मग पाण्याचा पंप, मग खिडकीतली कबुतरं, आणि त्या सगळ्यांच्या मागे, विहिरीच्या तळाशी उभं राहून कोणी बोलावं तशी ही. असा आवाज जन्मभर पुरवायचा?

लेक संध्याकाळी आली. तिने ऐकलं आणि म्हणाली, बाबा, चांगला माइक घ्या. माझा जुना लॅपटॉप आणून देते. माइक घ्या, म्हणे! जणू काय मी गवई आहे. पण मनात मात्र लगेच एक चित्र उभं राहिलं. ही गाते आहे, ती पत्र्यापलीकडची कविता, त्याच चालीत, आणि मी माझ्या बाजावर हलके सूर धरतोय. बाजा म्हणजे माझा माउथ ऑर्गन, शाळेपासूनचा. दोन पट्ट्या बोलत नाहीत, बाकीच्या बोलतात.

लग्नानंतर ही एकदाही गायली नाही. मूल झोपलंय, घसा धरलाय, दूध उतू जाईल – दरवेळी काहीतरी. संसारात तिचं गाणं बुडालं असं मी समजत आलो. त्यावर एक कविताही केली होती. वाईट होती.

हिला बेत सांगितला. ती म्हणाली, वरातीमागून घोडं! आणि कणीक मळत राहिली. पण एरवीपेक्षा जोरात मळली, हे माझ्या कानाने टिपलं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

दुकानात गेलो. भिंतभर गिटारी टांगलेल्या, ढोल एकावर एक रचलेले. मालक गळ्यात हेडफोन अडकवून फिरतो. मी त्याला मनातल्या मनात 'कानवाला' म्हणायला लागलो. काय रेकॉर्ड करायचंय, त्याने विचारलं. गाणं की वाद्य? मी म्हटलं, दोन्ही. कोण गाणार? बायको. वाद्य? मी खिशातून बाजा काढला. तो हसला नाही. माणूस बरा.

आधी त्याने एक चकचकीत जाडजूड माइक लावला, आणि हेडफोन माझ्या कानावर घातले. धस्स झालं! स्वतःचा श्वास ऐकू आला – शिट्टीसारखा. मनगटावरचं घड्याळ. शर्टाचं बटण कापडाला घासतंय ते. दाराबाहेर कोणी चप्पल झटकली तीही. मी हेडफोन काढूनच टाकले. कानवाला म्हणाला, हा कंडेन्सर. याच्या कानाला काही वर्ज्य नाही. खोली चारी बाजूंनी मऊ, बंद असेल तर याच्यासारखा दुसरा नाही. तुमची खोली कशी आहे? मी ड्रिल, पंप, कबुतरं सांगितली. मग हा तुमच्या कामाचा नाही, म्हणाला, तुम्ही डायनॅमिक घ्या.

मग डायनॅमिक हातात दिला. वजनाला मुसळासारखा, वागवायला दणकट. आत एक पातळ पडदा, त्याला तारेचं वेटोळं, भोवती चुंबक. आवाजाने पडदा हलतो, तार हलते, बस्स. आळशी कान आहे हा, म्हणाला. तोंडासमोरचं ऐकतो, लांबचं आणि मागचं बहुतेक सोडून देतो. मला माझी कांब आठवली. तीही तशीच होती – टेकवली तेवढ्याच जागेचं सांगायची, शेजारच्या गल्लीत मोटार गेली तर तिला पत्ता नसायचा.

पण डायनॅमिकमधेही दोन तऱ्हा. एक गोल जाळीच्या डोक्याचा – गळ्यासाठी. आत स्पंज असतो, 'प' आणि 'फ'चे फटके झेलतो. दुसरा चपट्या डोक्याचा – वाद्यासाठी. तो ढोल, गिटार, तुमचा बाजा नेमका उचलेल, पण माणूस बोलला की प्रत्येक 'प'ला थोबाडीत बसल्यासारखं वाटेल. मी विचारलं, दोघांसाठी एक कोणता? कानवाला म्हणाला, आजोबा, कोण महत्त्वाचं ते आधी ठरवा. दुसऱ्याचं त्यात निभावून जाईल.

मी ठरवू शकलो नाही! तासभर उभा. शेवटी त्यानेच दोन्ही घरी नेऊन बघायला दिले. सोबत लॅपटॉपला जोडायची डबी, एक स्टँड.

८ नोव्हेंबर, शनिवार

फजिती. गोल डोक्याचा माइक जेवणाच्या टेबलावर मधोमध ठेवला. ही एका बाजूला, मी दुसऱ्या. शाळेत वक्ता आणि अध्यक्ष बसायचे तसे! अर्धा तास ही वाचत होती, दवाखान्यातल्या बाईंनी दिलेली वाक्यं. मग ऐकलं. काहीच नाही. डबीचं बटण पूर्ण फिरवलं तेव्हा नुसती खसखस, आणि तिच्यात कुठेतरी कुजबुज. माइक मुका निघाला, म्हणून मी कानवाल्याला फोन लावला, चांगला आवाज चढवून.

त्याने एकच विचारलं. माइक तोंडापासून किती लांब आहे? हातभर, मी म्हणालो. आजोबा, चार बोटं! हातभर लांबचं त्याने ऐकू नये म्हणूनच तर तो घेतलात ना.

ही पलीकडून सगळं ऐकत होती. म्हणाली, पन्नास वर्षं तुम्हीसुद्धा असेच बसलात, हातभर लांब. आणि उठून आत गेली. थट्टाच असणार.

९ नोव्हेंबर, रविवार

आज जमलं! चार बोटं. खिडक्यांना गोधड्या लावल्या. वरचा ड्रिलवाला सुट्टीवर. ही माइकसमोर, मी हेडफोन लावून. आवाज भरदार आला. अगदी जवळ गेलं की खालचा खर्ज वाढतो, कानवाल्याने सांगितलंच होतं. मी बोटाने ताल दिला, ही वाचत गेली. वाक्यं संपली तशा शाळेतल्या कविताही म्हणवून घेतल्या, नुसत्या म्हणून, चालीवर नाही. घसा फार ओढला गेला तेव्हा थांबलो.

ती एक कविता मागितली. गाऊन. उद्या बघू, म्हणाली.

बाजा चपट्या डोक्याच्या माइकवर वाजवून पाहिला. काय सुंदर येतो! बाजाच्या त्या न बोलणाऱ्या पट्ट्यासुद्धा बोलतीलसं वाटलं. द्विधा झालो.

१० नोव्हेंबर, सोमवार

बाईंनी रेकॉर्डिंग ऐकलं आणि डोक्याला हात लावला. आवाज स्वच्छ आहे, म्हणाल्या, माइक छान निवडलात. पण हे सगळं तालात आहे! 'मला पाणी हवं आहे' – हे तुम्ही पाठ केलेल्या कवितेसारखं म्हणवून घेतलंत. 'डॉक्टरांना बोलवा' – तेही! उद्या आजींनी फोनवर 'मीठ द्या' टाइप केलं तर फोन वर्गात उभं राहून म्हटल्यासारखा म्हणेल. लेक हसता हसता भिंतीला टेकली. ही पण हसली, मग खोकली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढे दिवस थोडे, त्यातला एक मी बोटाने ताल देण्यात घालवला.

बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं – यांना बोलू द्या. जसं बोलतात तसं. तुम्ही काही शिकवू नका.

११ नोव्हेंबर, मंगळवार

जमेल तसं लिहितो.

दुपारी गोधड्या लावल्या, दोन्ही माइक मांडले. मी म्हटलं, आज साधं बोलणं राहू दे. ती एक कविता एकदा गा, तेवढी माझ्यासाठी. मग तुझ्या मनासारखं. बाजा तोंडाला लावला. पहिला सूर दिला. ही गप्प. पुन्हा सूर दिला.

"तो माइक बंद करा आधी," म्हणाली. मी केला.

"तो आवाज माझा नव्हता."

मला कळेना. कोणता आवाज? तिने सांगितलं. पत्र्यापलीकडे शेवटचं अक्षर धरून राहायची ती हिच्या बाकावरची शेजारीण. दोन वेण्यांची. पुढल्या वर्षी तिच्या वडिलांची बदली झाली, ती शाळा सोडून गेली. हिला तिचं आडनावसुद्धा आठवत नाही आता.

मग तू? तू कुठे होतीस त्या सगळ्यांत?

कुठेच नव्हते, म्हणाली. पहिल्याच दिवशी वर्गाच्या बाईंनी हिच्या गळ्याला बोट लावून सांगितलं होतं – तू बेसूर आहेस, सगळ्यांचं बिघडवतेस, तू नुसते ओठ हलव. शाळा संपेपर्यंत ही प्रत्येक कवितेला नुसते ओठ हलवत राहिली. कविता सगळ्या पाठ! एक अक्षर चुकायची नाही. आवाज फक्त काढायचा नाही.

आणि लग्नाआधी मी विचारलं होतं ते? वाचनालयाच्या जिन्यात? शेवटचं अक्षर धरणारी ती तूच ना? तिने मान हलवली होती. मला अजून दिसते ती मान.

त्यावर म्हणाली, तुमचं तोंड असं झालं होतं की नाही म्हणवेना. मग एकदा हो झालं, ते कधी मोडायचं? मूल झोपलंय, दूध उतू जाईल, करत राहिले. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

घशाचं कारण आजही सांगता आलं असतं तिला. डॉक्टरांनी तर आयतंच हातात दिलं होतं. सांगितलं नाही.

मी उठून दुसऱ्या खोलीत आलो. वर्गभर मुलींचे आवाज पत्र्यातून येत होते. त्यात एकच आवाज नव्हता. हिचा. आणि मी कान लावून तो ऐकत होतो!

१२ नोव्हेंबर

दिवसभर बोललो नाही. जेवण झालं, ताट उचललं, बोललो नाही. हीच बोलत राहिली – नळ ठिबकतोय, दिवा बंद करा, अहो ऐकता का.

लेकीला तिने सगळं सांगितलं असावं. दाराशी चपला घालताना लेक म्हणाली, "बाबा, आईचे बोलायचे दिवस मोजके उरलेत, आणि तुम्ही रुसून बसलाय? तेही कोणासाठी, दोन वेण्यांच्या मुलीसाठी?"

तोंडात मारल्यासारखं झालं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळी काही करायचं म्हणून हेडफोन लावून बसलो. गोल माइक जोडलेलाच होता. ही येऊन समोर बसली, काही न विचारता. चार बोटं. मी बटण दाबलं. काय बोलू, तिने विचारलं. काहीही, मी म्हणालो.

तिने नळाचं सुरू केलं. वायसर बदलायला हवा, प्लंबर येतो म्हणतो आणि येत नाही, तुम्ही एवढे पाणीखात्यातले आणि घरचा नळ गळतोय. नेहमीचंच. हजारदा ऐकलेलं. पण कान बंद होते ना दोन्ही, बाहेरचं काही नव्हतं, नुसती ती होती, आणि मी ऐकलं –

'अहो' म्हणायच्या आधी ती एक क्षण थांबते. म्हणावं की नको, असं. दरवेळी! माझं पटत नसेल तेव्हा जीभ टाळूला लागून बारीकसा आवाज होतो, मग शब्द येतात. रागावते तेव्हा आवाज वर जात नाही, खाली उतरतो. वाक्याच्या शेवटी ती थकते, आणि थकलेली कळू नये म्हणून शेवटचा शब्द भराभर टाकून देते. घोगरेपणा आताचा आहे, पण त्याच्याखाली जो आवाज आहे तो जुना आहे. जाड, खरखरीत, सरळ. त्यात गाणं नाही. कधीच नव्हतं. या बाईशी माझा संसार झाला! हिला मी ऐकलंच नव्हतं. हिच्यात मी दुसरीला शोधत होतो, आणि ही समोर बसून बोलत होती, पन्नास वर्षं, हातभर लांब.

डोळे पुसले तर म्हणाली, काय झालं, माइक बिघडला?

नाही म्हटलं. बोलत राहा.

दुपारी चपट्या डोक्याचा माइक परत देऊन आलो. कानवाल्याने विचारलं, वाद्य नको? मी म्हटलं, नको. ठरलं माझं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

काय बोलते ही! धरण फुटावं तसं. शाळेत गणितात पहिली यायची, मला ठाऊकच नव्हतं. सासूबाईंच्या, म्हणजे माझ्या आईच्या, पहिल्या शिवीपासून शेवटच्या आशीर्वादापर्यंत सगळं, नकलेसकट. लेकीच्या जन्माच्या दिवशी मी दवाखान्याबाहेर कविता म्हणत फिरत होतो आणि वॉचमनने मला वेडा समजून हाकललं, ते. ऐकताना मी इतका हसलो की रेकॉर्डिंगमधे माझं हसू आलं. डायनॅमिक असूनही! पुन्हा करू म्हटलं. राहू दे, म्हणाली.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज उलटं घडलं. हेडफोन तिने मागितले.

आतापर्यंत ती ऐकायला तयार नव्हती. स्वतःचा आवाज काय ऐकायचा, म्हणे. आज मी सासूबाईंचा भाग लावून दिला. हेडफोन मोठे, तिचं डोकं लहान, दोन्ही हातांनी धरून बसली. मी तिच्या तोंडाकडे पाहत होतो. आधी कपाळाला आठी. मग आठी गेली. संपलं तरी हेडफोन काढेना.

"ही मी आहे?"

मी म्हटलं, तूच.

पुन्हा लावायला सांगितला. मग पुन्हा. शेवटी म्हणाली, शाळेतल्या त्या बाई खोटं बोलल्या होत्या. एवढा काही वाईट नाही. मी म्हटलं, वाईट? ऐकत राहावा असा आहे. लेक समोर होती. तिच्यासमोर इतकं उघड मी कधी बोललो नव्हतो. ही लाजली! या वयात!

१६ नोव्हेंबर, रविवार

स्वयंपाक लेकीने केला. ही सकाळपासून माइकसमोर. बाईंना हवं होतं त्याच्या दुप्पट झालं, तरी उठत नाही. दुपारी फोनवर आत्तेबहिणीशी, मग जुन्या शेजारणीशी, मग वरच्या ड्रिलवाल्याशी बोलली – तो आता सुट्टीवरून परत आला आहे आणि ड्रिल कधी बंद ठेवायचं ते त्याला आता नीट कळलं असेल. मी म्हटलं, घशाला आराम दे. उद्या दाखल व्हायचंय. तर म्हणाली, आरामच आहे पुढे.

मी काय आनंदात होतो! शाळेतल्या मुलासारखा. हिला आपण आवाज दिला, असं काहीतरी मनात म्हणत होतो. लेक मात्र तिच्याकडे निरखून पाहत होती. जाताना म्हणाली, आई बरी नाही वाटत मला. मी म्हटलं, इतकी बरी ती कधीच नव्हती!

१७ नोव्हेंबर, सोमवार

दाखल केली. खाट खिडकीशी मिळाली. मनगटाला पट्टी बांधली.

डॉक्टर आले तेव्हा हिने एकच विचारलं – नाही कापलं, तर किती दिवस बोलता येईल? डॉक्टर चष्मा शोधायचे थांबले. म्हणाले, काही महिने. पण गाठ वाढली की आधी बोलणं जाईल, मग श्वास. आणि कापलं तर? कापलं तर वर्षं, आजी. अशी वर्षं काढणारे माझ्याकडे बरेच आहेत. ही मान हलवून ऐकत होती. मी म्हटलं, हिला सगळं नीट विचारायची सवयच आहे. घरातलं बिलसुद्धा उलट तपासते.

मला तिथे राहू दिलं नाही. मी नर्सबाईंच्या पायात येतो म्हणून लेकीने घरी पाठवलं. निघताना खाटेशी वाकलो, अगदी जवळ. काहीतरी बोलेल म्हणून. ती बोलली नाही. माझा कान धरला नुसता, हलकेच.

घरी आलो. माइक स्टँडवर तसाच. रेकॉर्डिंग लावलं नाही. धीर झाला नाही. खोली इतकी शांत की नळ ऐकू येतो. मी मनात म्हटलं, आवाज जाऊ दे. घेऊन टाका तो. सगळा घ्या. ही तेवढी परत द्या. मुकी द्या, चालेल, आयुष्यभर मीच बोलेन. हे अगदी मनापासून म्हटलं. कोणी ऐकत असेल तर ऐकावं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी दवाखान्याला निघतच होतो. बेल वाजली. वाटलं, लेक न्यायला आली.

दारात ही. एकटी. मनगटाला पट्टी, पायात दवाखान्याच्या सपाता, जिना चढून धाप लागलेली. मागे जिन्यात कोणी नाही.

"कापू देणार नाही मी," म्हणाली. "मला अजून बोलायचंय."

आता आत माइकसमोर जाऊन बसली आहे. फोन सारखा वाजतोय, लेकीचाच असणार, मी उचललेला नाही. उचलून तिला काय सांगू? तिच्या आईला हे मी शिकवलं! आणि याहून भयंकर ते इथेच लिहितो, दुसऱ्या कोणाला सांगण्यासारखं नाही – दारात तो आवाज ऐकला, तेव्हा मला आधी आनंद झाला.